पाटाची साक्ष

विंझर,
शनिवार, दि. ८ एप्रिल १९७२

चि. भामा हिस रतनबाईचा आशीर्वाद.

तू बरी असशील, आजीचा गुडघा कसा हाय, सातवीची परीक्षा कधी, हे सगळं आधी विचारायचं असतं म्हणून विचारून घेतलं. आता दम धरवत न्हाई. पोरी, आपण जिंकलो! काल वेल्ह्याच्या कचेरीतनं निकालाचा कागद आला. वारस म्हणून लिहिलंय, ‘रतनबाई, कै. आनंदराव यांची पत्नी.’ म्या बोट ठेवून तीनदा वाचला. मग शेजारच्या गीताबाईला वाचून दाखवला, मग तिच्या नवऱ्याला. दुपारी गूळ आणायला गेले तर दुकानदारालाबी दाखवला. त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं.

आजी सोमवारी साक्ष देऊन घरी आली तवा तुला काय म्हणाली असंल ते मला ठाऊक हाय. ‘झालं, बोलले,’ एवढंच. ती बाई स्वतःची फुशारकी सांगायची न्हाई, म्हणून मी लिहिते. शेवटपर्यंत वाच. मधेच फेकून द्यावंसं वाटलं तर फेक, पण मग उचलून पुढचं वाच.

गेल्या श्रावणात आनंदराव गेले. त्यांचे दिवस घालून झाले न्हाईत तवर माजा दीर मानसिंग तलाठ्याकडं अर्ज देऊन मोकळा. मयताला मूल न्हाई, बायको न्हाई, सख्खा भाऊ तेवढा वारस. मग घरात हाय ती कोण? तर म्हणे ठेवलेली. आठ वर्षं ज्याला म्या सणासुदीला ताट वाढलं, त्यानं हे लिहून द्यावं! दोन एकर भातखाचर आन् हे दोन खणांचं घर आनंदरावांच्या वाटणीचं. बायको ठरले न्हाई तर दोन्हीतनं बाहेर. जमिनीचं एक वेळ सोसलं असतं गं, तो शब्द न्हाई सोसला. त्याच्या दारात जाऊन म्हणाले, “भावजी, हा शब्द तुमाला सरकारी शिक्क्यानिशी गिळायला लावीन.”

तोंड लई मोठं, पुरावा काय? माजं दुसरं लगीन म्हंजी पाट. विधवेच्या पाटाला पत्रिका न्हाई, मांडव न्हाई, वाजंत्री न्हाई. दिवस मावळल्यावर चार माणसांत उरकायचा. पुरुष होते ते सगळे मानसिंगच्या भावकीतले, त्यांच्या जिभेला कुलूप.

वेल्ह्याला वकील कुठला मिळायला? चेलाडीला गाडी बदलून भोर गाठलं. बाजीराव वकील म्हणून हायेत, म्हातारे, तोंडात सदा लवंग. मी रडायला सुरुवात केली तर म्हणाले, “बाई, रडणं घरी करून या, इथं वेळ जातो. आज मला काही सांगू नका. घरातला कागद म्हणून कागद गोळा करा, फाटका असला तरी. काय घडलं ते तारखेवार लिहा, मागचं आधी, पुढचं मागून. पाटाला कोण कोण होतं त्यांची नावं काढा. आणि जे सांगायला जीभ रेटत नाही, ते पहिल्या पानावर लिहा. ते समोरच्या वकिलाच्या तोंडून मला कळलं तर मी तुमच्या काही उपयोगाचा नाही.”

आले ती पत्र्याची पेटी पालथी घातली. रेशनकार्ड सापडलं. मतदार यादीत ‘रतनबाई आनंदराव’ हाय म्हणून तिची नक्कल आणली. आनंदरावांच्या आजारपणातली दवाखान्याची चिठ्ठी, तिच्यावर ‘सोबत: पत्नी’. चौथी पास झाल्यापासून एवढं कधी लिहिलं नव्हतं. वहीची बारा पानं भरली. पहिलं पान तेवढं सोडून.

आन् साक्षीदार? त्यांची काय कमी! गीताबाई म्हणाली, “अगं, मी सांगते की मी होते म्हणून! माज्या जावेलाबी घेते.” हां हां म्हणता पाच जणी तयार. पाचही जणी ठेवणीतली लुगडी नेसून, कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावून माज्याबरोबर भोरला. एसटीत सगळ्यांनी मिळून पाठच केलं, कोण कुठं उभी होती, कुणी अक्षता टाकल्या.

वकीलसाहेबांनी पाचही जणींचं शांतपणे ऐकून घेतलं. मग गीताबाईला विचारलं, “तुमचे यजमान आहेत ना?”

“हायेत की! जोत्यावर बसलेत घरी.”

“मग सवाष्ण बाई पाटाला कशी गेली? आमच्या भोरात तर सवाष्णी त्या दिवशी नवरीचं तोंडसुद्धा बघत नाहीत. विंझरला रीत बदलली का?”

काय सांगू तुला! पाचही जणींची तोंडं बघण्यासारखी झाली. पाटाला फक्त विधवा बाया येतात हे आमा सगळ्यांना शेंबडी पोरं होतो तवापासून ठाऊक, पण माया एवढी आली की अक्कल घरी राहिली. वकील म्हणाले, “खोटी साक्ष खऱ्या माणसाला बुडवते. या बायांना चहा पाजा नि घरी पाठवा.” मग माजी वही उघडली आन् पहिल्या कोऱ्या पानावर बोट ठेवलं. “हे का सोडलं?”

मग तिथंच बसून म्या ते लिहून दिलं. तुलाबी सांगायचंय, पण जरा खाली लिहिते. हात अजून तयार न्हाई.

पाटाला तीन विधवा होत्या. माजी आई बनाबाई, ती वारली. माजी मावशी, तीबी गेली. तिसरी तुजी आजी. माज्या पहिल्या नवऱ्याची आई. तिनंच माजी ओटी भरली होती. वकील म्हणाले, “मग तीच आपली साक्षीदार.” म्या भोंगवलीला पत्र टाकलं. दहा दिवसांनी कार्ड आलं. ‘आजी येणार नाही. पुन्हा पत्र पाठवू नये.’ अक्षर मोत्यासारखं होतं.

मग सोमवार उजाडला. वेल्ह्याच्या कचेरीत मानसिंग नवा फेटा बांधून, पुण्याचा वकील घेऊन आलेला. माज्याकडं पेटीतले कागद आन् बाजीराव वकिलांची लवंग. ते म्हणाले, “कागदांवर जेवढं लढता येईल तेवढं लढू.” आमचं नाव पुकारायला एक माणूस बाकी होता, तवर एसटी आली. काठी आधी खाली आली, मागनं तुजी आजी. माज्याकडं ढुंकून बघितलं न्हाई. शिपायाला म्हणाली, “कुठं बोलायचं असतं रं?”

भामा, तुजी आजी कशी बोलली ते तू बघायला हवं होतंस!

पुण्याचा वकील म्हणाला, “आजीबाई, स्वतःच्या मुलाची विधवा तुम्ही आपल्या हातानं दुसऱ्याला दिलीत? कोणती सासू असं करते?”

आजी म्हणाली, “म्या केलं. एकविसाव्या वर्षी माजं कपाळ पांढरं झालं. मला कुणी दिलं न्हाई. मला ठावं हाय ते काय असतं, म्हणून हिला दिली.”

मग वकील म्हणाला, “ही बाई पोटची पोर टाकून पळाली. तिची बाजू घेता?”

भामा, माजी मान खाली गेली. पण आजीनं काठी आपटली. “पळाली न्हाई! पोर म्या ठेवून घेतली. सून देते, नात द्यायची न्हाई, ही माजी अट. माज्या साहेबरावचं तेवढंच उरलं होतं. आन् पाट झाला का म्हणून काय पुसता? ओटी म्या भरली, कुंकू आनंदरावानं लावलं, आन् ह्यो मानसिंग पंगतीत सगळ्यांच्या पुढं बसला होता. दोनदा भात मागून घेतलान!”

मानसिंग ताडकन उठला. “दोनदा न्हाई, साहेब! एकदाच!”

 मग शिपाई फिसकन हसला. निकाल देणाऱ्या साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आन् विचारलं, “म्हणजे पंगतीला होतात?” पुण्याच्या वकिलानं कपाळाला हात लावला. बाजीराव वकील उठलेसुद्धा न्हाईत. तोंडातली लवंग इकडची तिकडं केली, झालं.

त्याच्या त्या एका भातानं आपण जिंकलो!

आता ते पहिलं पान. आजीनं अट घातली होती हे खरं. पण तिनं सगळं आपल्या अंगावर घेतलं, तेवढ्यानं मी सुटत न्हाई. अट घातल्यावर म्या एकदाबी भांडून बघितलं न्हाई, ‘बरं’ म्हणाले. आन् तू सहा वर्षांची असताना तुला गोवर निघाला, तवा आजीनं निरोप धाडला होता. ‘पोर आई आई करते, ये.’ आनंदराव म्हणाले, जा, मी पोचवतो. मी म्हणाले, लावणी चालू हाय. लावणी चालू होती. पण मी लावणीसाठी थांबले न्हाई. मी भ्याले. तुला बघितलं असतं तर परत फिरले नसते, मग ना तिथली ना हिथली झाले असते. म्हणून तुला तापात ठेवलं आन् भात लावला. मला कुणी अडवलं नव्हतं, भामा. त्यानंतर तोंड दाखवायची लाज वाटली, आन् लाजेत सात वर्षं गेली. हेच त्या पानावर लिहिलं. वकिलांनी वाचलं आन् वही मिटून माज्या हातात दिली. म्हणाले, “हे कचेरीत लागलं नाही तर बरं. पण हे जिला वाचून दाखवायचं तिला दाखवा.”

परतीच्या गाडीत आजी माज्या शेजारी बसली. तिला भोंगवलीच्या गाडीत बसवायला मी विंझरला न उतरता चेलाडीपर्यंत गेले. उतरताना म्हणाली, “तुजं पत्र आलेलं मला शनिवारी कळलं. भामीनं रडत सांगितलं. मनानंच उत्तर धाडलं होतं कार्टीनं.”

म्हंजी ‘आजी येणार नाही’ हे तू लिहिलंस. आन् आजीला वेल्ह्याला धाडलीस ती बी तूच. पहिल्याचा मला राग न्हाई. तापात आई आई करून जी आली न्हाई, तिला असंच लिहायला हवं होतं. अजून राग असंल तर ठेव, माज्यासाठी घाईनं सोडू नको. पण दुसरं तू केलंस म्हणून आज माज्या डोक्यावर छप्पर हाय, आन् गावात मी ताठ मानेनं पाण्याला जाते. तेरा वर्षांच्या पोरीनं आपला राग गिळून हे केलं! वकिलाच्या कागदांनी न्हाई, तुज्या खरं बोलण्यानं मी जिंकले. हे म्या चावडीवरबी सांगितलं. माजी लेक भामा म्हणून सांगितलं.

तर ऐक. घर आता माजं हाय. हितं यायला तुला कुणाला विचारायचं न्हाई, पण तू येशील म्हणून मी वाट बघत बसणार न्हाई. येत्या गुरुवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी भोंगवलीला येते. दार लावून घेतलंस तर दारात बसेन. बोलली न्हाईस तर आजीचा गुडघा चोळत बसेन. आजीला सांग, भाकरी माज्या नावची टाकायची न्हाई, शिदोरी बांधून आणते.

त्या वेळी न आलेली आन् गुरुवारी येणारी,
तुजी आई