कावळ्याला दिलेला शब्द

अहो,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. गच्चीवर पान वाढायचं, कावळ्याला हाका मारायच्या, सगळं रीतसर होईल. पण त्याआधी एक गोष्ट तुम्हाला माझ्याकडून कळलेली बरी. तुमच्या नावानं दिलेला शब्द आज सकाळी मी मोडला. रागावायचं तर रागवा. आता काय करणार आहात!

अक्षर मोठं आलंय. माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही कन्नड. मराठी तुम्हीच शिकवलंत, बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या आपल्या बारदानाच्या दुकानात, फाटक्या गोणपाटावर कोळशानं. बारीक लिहिलं की विणीत हरवायचं. तेव्हापासून हात मोठाच पडतो.

कुठला शब्द, विचारता? दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसून बघत होता नुसता. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. प्रकाश हात जोडून म्हणाला, "अण्णा, अम्माला सांभाळीन." कावळा ढिम्म. (माझं मी बघते, मी मनात म्हटलं.) "अण्णा, रेवतीचं लग्न चांगल्या घरी करून देईन." तरी नाही. मग तुमचा मुलगा रडायलाच लागला. "अण्णा, ज्या गोणपाटानं तुमची छाती खाल्ली, त्याला आपल्या घरात पुन्हा कुणी हात लावणार नाही!"

आणि मेला कावळा लगेच उतरला की!

सगळ्यांनी डोळे पुसले. मी गप्प राहिले. तिथंच चुकलं माझं.

दुकान तर गेलंच. तुमची दाभणं, सुतळीची बंडलं, सगळं प्रकाशनं भंगारात दिलं. जे. पी. नगरच्या घरात भाजीची पिशवीसुद्धा तागाची चालत नव्हती. तोवर मी ऐकून घेतलं.

मग रेवतीची नोकरीसाठी निवड झाली. तुमची नात वनस्पतींचं शिकली हे तुम्हाला ठाऊक आहे. आता जिथं तिला घेतलंय तिथं तागावर संशोधन चालतं.

"जगात दुसरं झाड उरलं नाही?" प्रकाश म्हणाला. "बेळ्ळंदूरला माझ्या मित्राच्या कंपनीत जागा आहे. एसीत बसायचं."

"तिथं झाडं कुंडीतली असतात, पप्पा. तीही प्लास्टिकची."

"मी अण्णांना शब्द दिलाय, रेवती. विषय संपला."

पोरगी भांडली नाही. माझ्याजवळ येऊन अवरेकाळूच्या शेंगा सोलायला बसली. मी विचारलं, "काय आहे गं त्या तागात एवढं?" तर म्हणाली, अज्जी, त्याच्या धाग्यात लाकडासारखा एक अंश असतो, त्यानं तो राठ होतो. झाडाच्या बियाण्यातच लिहिलेलं असतं, किती राठ व्हायचं ते. ते कुठं लिहिलंय हे सापडलं तर मऊ धाग्याचा ताग काढता येईल. कापड विणायला, गाडीच्या दाराला आतून लावायला, उतारावरची माती धरून ठेवायला, कशाकशाला तो वापरतात आता! आपण आयुष्यभर त्यात कांदे-बटाटेच भरले.

तागाच्या दोन जाती आहेत म्हणे, पण एकमेकींशी संकर जमता जमत नाही. मी म्हटलं, "त्यांच्यातही सोयरीक बघतात काय?" खूप हसली. किती दिवसांनी हसली!

मग मी महत्त्वाचं विचारलं. "मऊ झाला तर धूळ कमी उडेल?"

"माहीत नाही, अज्जी. उडेलही. तेच तर शोधायचंय. खोटं सांगणार नाही तुला."

मला तिचं 'माहीत नाही' आवडलं. तुमच्या छातीवर औषध देणाऱ्या एकानंही कधी तेवढं कबूल केलं नव्हतं.

तुम्हीही कमी नाही हं! तोंडाला फडकं बांधा, फडकं बांधा म्हणून घसा कोरडा केला मी. "गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं?" म्हणे! खोकताना बोलता यायचं का?

आणि शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मागितलंत काय? फळ नाही, देव नाही. "जरा बारदानाचा तुकडा आण गं." नर्सबाई ओरडली, "अज्जी, धूळ बेडा! नको ते इथं!" मी तुकडा धुऊन, वाळवून उशीखाली लपवला. तुम्ही बोटांनी धागे मोजत पडून राहायचात. म्हणालात, "माल चांगला आहे. ताग वाईट नाही, रुक्मिणी. धूळ वाईट." एवढ्या वर्षांत माझं नाव किती वेळा घेतलंत? त्यातलं हे एक.

हे मी नदीकाठी बोलायला हवं होतं. पण मुलगा शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच रडत होता. म्हटलं, रडू दे, कावळ्याला दिलेला शब्द कोण लक्षात ठेवतंय! त्यानं ठेवला. आणि भरडली गेली पोरगी.

म्हणून आज सकाळी प्रकाशला म्हटलं, "शब्द तू दिलास. बापाला विचारलं होतंस?"

"अम्मा, कावळा लगेच आला ना!"

"बारा वाजून गेले होते. भूक लागली असेल."

"अम्मा!"

मग ट्रंकेतून तुमचा तुकडा काढला, त्याच्या हातात ठेवला आणि दवाखान्यातलं सगळं सांगितलं. त्यानं तो नाकाला लावला. लहानपणी तुम्ही दुकानातून आलात की तुमच्या सदऱ्याला नाक लावायचा, तसंच. मग हळूच म्हणाला, "आणि उद्या कावळा आलाच नाही तर?"

पन्नाशीचा झाला, तरी भीती तीच. तुम्ही नाराज व्हाल ही.

"नाही आला तर उपाशी राहील," मी म्हटलं. "रेवती जाणार."

"सरी, जाऊ दे तिला," म्हणाला. कुरकुरत का होईना, म्हणाला.

तुकड्यातला एक धागा रेवतीनं मागून घेतला. भिंगाखाली बघणार आहे. उरलेला माझ्याकडे, तो कुणाला द्यायची नाही.

तर उद्या पान मीच वाढणार. हात जोडून झाडाकडे बघत बसणार नाही, आणि कसलाही शब्द देणार नाही. जो द्यायचा तो इथंच देते, तुम्हाला, कावळ्याला नाही. सोमवारी रेवती कामाला जाईल. डबा मी भरीन. आणि डब्यावर धुतलेलं फडकं ठेवीन, तोंडाला बांधायचं. तिनं कितीही नाक मुरडलं तरी दारात उभी राहून बांधायला लावीन. तुमच्यापुढे हरले मी. तिच्यापुढे हरणार नाही.

तुमची, अजूनही तेवढीच तोंडाळ,
रुक्मिणी