न्हाणीचा झरोका

३ डिसेंबर

बेळगावात आलो. खासबागेत खोली मिळाली. सकाळचं ऊन थेट उशीवर येतं, आणि घरमालकीण मनुबाईंनी न विचारता चहा पाठवला. निपाणीच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं काढून त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नवखं व्हायचं, याची धाकधूक होती. पण मारुतीरावांचं दुकान आवडलं. गॅसच्या गीझरची विक्री आणि दुरुस्ती. माझ्याकडे तपासणी: घरोघर जायचं, ज्योत बघायची, मीटरने न्हाणीतल्या हवेतला कार्बन मोनॉक्साइड मोजायचा. "सर, तुम्ही बी.एस्सी. माणूस, तुम्हाला मी काय शिकवणार," म्हणत त्यांनी मीटर माझ्या हातात दिलं. नियम एकच. धोका दिसला की रेग्युलेटर काढून दुकानात आणायचा, गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी. पारमिताला फोनवर सांगितलं तर ती खूप हसली. लोकांच्या न्हाणीत डोकावायचा पगार मिळवणारा नवरा तिने पहिल्यांदाच पाहिला म्हणे.

६ डिसेंबर

सकाळी बाबासाहेबांना अभिवादन करून कामावर गेलो. वडगावात सुबरावांचं घर. पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग. ते चालू असले की समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं. मुलगी मंजुश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. गीझरचं पाणी मधेच गार येतं, ही सुबरावांच्या बायकोची, बायाक्कांची तक्रार.

न्हाणी जेमतेम चार फूट बाय पाच. गीझर आतच, सिलिंडरही आतच. ज्योत निळी हवी ती पिवळी, वरच्या पत्र्याला काजळी. हवा जायला एकच झरोका, तोही जुन्या साडीच्या बोळ्याने गच्च बुजवलेला. मीटर आत ठेवून, दार लावून पाच मिनिटं गीझर चालवला. आकडा दोनशे ऐंशी. बोळा उपसला, दार उघडलं, तेव्हा चाळीसवर उतरला. चाळीसही चांगला नाही.

बायाक्कांना समजावलं की या वायूला रंग नाही, वास नाही, माणसाला झोप येते आणि ती झोप संपत नाही. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "वास न्हाय, दिसत न्हाय, मग तुमालाच बरा गावला वो!" मग एकदम गंभीर झाल्या. चूल कधीच काढून टाकली होती. "आज-उद्या पोरगी बाळंत हुईल. तिला गार पाणी घालू व्हय?"

झरोका उघडा ठेवायचा, दार उघडं टाकून बादल्या भरायच्या, गीझर बंद केल्यावरच आत जायचं, असं तीनदा बजावलं. रेग्युलेटर तिथेच ठेवला.

७ डिसेंबर

नियम मोडला. दया आली म्हणून, की वाद नको म्हणून? दिवसभर ठरवता आलं नाही. मारुतीरावांजवळ कबूल केलं. ते रागावले नाहीत, सवडीने नको, लगेच काढून आणा एवढंच म्हणाले. दुपारी गेलो तर घराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, सगळे दवाखान्यात गेलेत.

१० डिसेंबर

परवा मंजुश्रीला मुलगी झाली, आज घरी आणलं. रेग्युलेटर न्यायला गेलो, तर बायाक्कांनी सोप्यातच, आतल्या उंबऱ्यावर थांबवलं. सुवेर आहे, बाळंतपणाचा विटाळ, बारशापर्यंत परका पुरुष आत येत नाही. न्हाणी बाळंतिणीच्या खोलीला लागूनच. त्यांनी माझं आडनाव विचारलं, ऐकून घेतलं, आणि सुवेर पुन्हा सांगितला. खरं कारण कोणतं? की जुन्या सवयीने मलाच ते तिथे दिसलं? निदान रेग्युलेटर तुम्ही काढून द्या म्हणालो. बारसं झालं की न्या, म्हणाल्या. झरोका उघडा आहे ना? "व्हय व्हय."

मागच्या बोळात जाऊन पाहिलं. झरोक्यावर फळी ठोकलेली आहे.

१२ डिसेंबर

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या अंबुबाई बोळाच्या तोंडाशी भेटल्या, भिंत धरून उभ्या. त्या घरातून निघालं की रोज डोकं ठणकतं, मळमळतं. "लोकांच्या लेकरांची दृष्ट काढून काढून मलाच लागलीया," म्हणाल्या. मी विचारत गेलो, त्या सांगत गेल्या. गीझर चालूच असतो. दार लावलेलं असतं, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. मंजुश्री म्हणते, वाफेत एक बाई उभी असते. डोक्यावर हात दाबते. खाली बस म्हणते.

ती अक्काताई, या घरची थोरली सून. तीन वर्षांपूर्वी बाळंतपणातच त्या न्हाणीत आंघोळीला गेली, ती उचलूनच बाहेर आणली. हृदय बंद पडलं असं ठरलं. शेवटची आंघोळ अंबुबाईंनीच घातली. "मेलेली, पर गाल नव्या नवरीगत लाल. असलं मढं म्या कवा बघितलं न्हाय." आता ती झरोक्यातून येते, म्हणून बायाक्कांनी फळी मारून घेतली.

गाल लाल. मेल्यावरही रक्त इतकं लाल कशाने राहतं ते मला ठाऊक आहे. याच वायूने. कॉलेजात मुलांना मीच सांगत असे.

१३ डिसेंबर

मारुतीरावांनी सुबरावांना फोन केला. तीन वर्षं चालतोय, आताच काय झालं, असं उत्तर मिळालं. गॅसवाले पुढच्या आठवड्यात बघतो म्हणाले. बाळ-बाळंतीण तपासायला घरोघर जाणाऱ्या गल्लीतल्या आशाताईंना गाठून मीटर दिलं. बायाक्कांनी ते दाराबाहेर ठेवायला लावलं. असलं यंत्र लेकराजवळ नको. आशाताई हसतमुखाने परत आल्या. दोघी छान आहेत. मंजुश्रीला आई होणं मानवलंय.

म्हणाल्या, गाल काय खुललेत तिचे!

गरम पाण्यानेही गाल लाल होतात. मी स्वतःला हेच सांगत घरी आलो.

१४ डिसेंबर

डोळे मिटले की पिवळी ज्योत. माझ्या खोलीत गॅस नाही. तरी सकाळी आंघोळ करताना मागे कोणी उभं आहे असं— वळलो. भिंत. डोक्यावर जड काहीतरी. दार उघडं टाकून उरलेलं पाणी घेतलं.

एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. अक्काताईच्या वेळीही झरोका बायाक्कांनीच बुजवला होता. तिला वारा लागू नये म्हणून, मायेने. अंबुबाई सहज बोलून गेल्या. खरं सांगायचं तर त्या बाईला सांगावं लागेल की तुमच्या सुनेला तुम्हीच—

आणि नाही सांगितलं तर?

१५ डिसेंबर

सांगितलं. सोप्यात, माग बंद करायला लावून. वाईट सांगितलं. आधी आकडे, मग वायूचं नाव, मग एकदम अक्काताई.

बायाक्का खाली बसल्या. "म्या मारली व्हय माझ्या सुनंला? म्या?"

नाही म्हणायला हवं होतं. मी पुन्हा आकडाच सांगितला.

मग त्या उठल्या. उद्या लेक आणि नात घेऊन स्वतः आत बसते, गीझर चालू, दार बंद. काय होतंय ते बघाच. मी पाया पडलो. खरंच पडलो. सुबरावांनी दंड धरून बाहेर काढलं.

बोळातून पाहिलं. फळी नाही आता. सिमेंट. ओलं.

मी बोललो नसतो तर उद्या आत माय-लेकी असत्या, आणि सोबत अंबुबाई. आता बायाक्काही आत, आणि अंबुबाईंना येऊ नको म्हणून सांगितलंय.

१६ डिसेंबर

सकाळ. सोप्यात बसलोय. पोचलो तेव्हा त्या नुकत्या आत गेल्या होत्या. मदतीच्या नंबरवर फोन केला, गाडी निघाली म्हणतात. आतल्या दारात सुबराव हात आडवा धरून. "लिवा वेळ तुमच्या वहीत, मास्तर. अर्ध्या तासानं तिघी भाईर आल्या की खाली सही करायची, आन् पुन्हा या घराचं नाव काढायचं न्हाय."

७:४१. लिहिली वेळ. दोन्ही माग चालू. आतलं काही ऐकू येत नाही.

७:४६. माग बंद करा म्हणालो. नाही म्हणाले. इतक्या लहान जिवाला किती मिनिटं— हिशेब करतोय, जमत नाही.

७:५०. हाक तरी मारा. मान हलवतात. माझं चुकत असेल. चुको. या गल्लीत पुन्हा तोंड दाखवणार नाही, चालेल, फक्त चुको—

७:५३. वीज गेली. माग थांबले.

पाण्याचा आवाज. नुसता पाण्याचा. बाळ रडत नाही.

सुबराव— "अगं ए." पुन्हा, मोठ्यांदा. "मंजू! ए मंजे!"

ते माझ्याकडे बघतायत. हात अजून आडवा. त्यांना वाटतंय मी सांगावं—

सुवेर, परका पुरुष, आत बाई उघडी— असू दे. सगळं असू दे. त्यांचा हात ढकलून मी दार—