त्सेकोच्या ट्यूबची रबरं

२१ जानेवारी
दुकानात बरण्यांच्या झाकणांची रबरं नाहीतच. दुकानदारीण म्हणाली, "सीमेपलीकडून माल आला तर बघू." मागच्या वर्षीची ताणून पाहिली, हातात तुकडे आले. इकडे पीच झाडाखाली सडतायत. घरभर माश्या.

२२ जानेवारी
छपराला माझ्या नवऱ्याची, त्सेकोची ट्यूब टांगलेली आहे. गाडी नाही, पण ट्यूब आहे! कुणाकडून तरी जुनी आणली, स्वतः पंक्चर काढलं, हवा भरली आणि म्हणाला, "खाणीतून वर आलो की उरलेली गाडी आणतो." जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, तो आणि शेजारचा मूरोसी गेले, बंद पडलेल्या खाणीत चोरून उतरायला. तेव्हापासून दोघांचाही निरोप नाही.

मी सासूबाईंना नुसतं म्हटलं, "म्मे, ही कापली तर रबरं होतील." त्या ताडकन उठल्या. "जिवंत माणसाच्या वस्तूला कात्री लावतेस?"

मलाही तीच भीती आहे. कापली म्हणजे तो येणार नाही हे मी मान्य केलं.

२३ जानेवारी
पीच सोलताना तो दारात उभा असतो. मी मान वर करत नाही. वर केली की नसतो.

२५ जानेवारी
अर्धी टोपली डुकरांना घातली. सासूबाई बघत होत्या. जेवताना म्हणाल्या, "आल्यावर पीच मागेल तेव्हा काय देशील त्याला, मालिम्फो? माश्या?" मग स्वतःच ट्यूब खाली काढून माझ्या पुढ्यात टाकली.

२६ जानेवारी
आधी हवा सोडली. चेहऱ्यावर आली — कोमट, रबराच्या वासाची. त्यानं भरलेली हवा. मी तोंड मिटून घेतलं होतं. मग उघडलं. वेडेपणा, पण उघडलं.

ट्यूब चिरून सपाट केली. बरणीचं झाकण ठेवून खडूनं गोल आखले, आत एक, बाहेर एक. शिवणीची उंच रेघ टाळावी लागते, तिथून हवा शिरते. सासूबाईंनी दुसरं टोक ताणून धरलं. "सरळ काप. तो आला की म्हणेल, बायकोला कात्री धरता येत नाही."

पंक्चरच्या ठिगळावर, सोल्यूशनमध्ये, त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे. रेघा न् रेघा दिसतात. तेवढा भाग सोडून कापलं.

२७ जानेवारी
रबरं राखेच्या पाण्यात उकळली. वास जाईना. पुन्हा उकळली. लेक लिम्फो नाक धरून म्हणते, "बाबांचं पीच टायरसारखं लागणार." सासूबाई हसल्या. किती महिन्यांनी!

२९ जानेवारी
बरण्या भरून उकळून काढल्या. गार होताना एकेक झाकण आत ओढलं जातं, टक्. प्रत्येक टक् ला वाटतं, कुणीतरी दार वाजवलं. दोनदा उठून पाहिलं.

शेवटी एक रबर कमी पडलं होतं. ठिगळाचं कापलं, अंगठ्यासकट. ती बरणी काही टक् झाली नाही. ठिगळ जाड, झाकण बसणार कसं? मला कळायला हवं होतं. कळत होतंच.

२ फेब्रुवारी
त्या बरणीत बुडबुडे आलेत. रबराखालून हवा निघते — फुस्, थांबून पुन्हा फुस्. आंबलंय, दुसरं काही नाही. फेकायला घेतली तर सासूबाईंनी हात धरला. "राहू दे. श्वास घेतोय तो."

मी ओरडायला हवं होतं. उलट बरणीजवळ बसून ऐकत राहिले. जरा वेळ आवाज थांबला तेव्हा माझा जीव घाबरा झाला.

५ फेब्रुवारी
सासूबाई बरणी शेजारी घेऊन बसतात. तिला विचारतात, "तिथं खाली थंडी आहे का रे?" लिम्फो घाबरून शेजारी, मूरोसीच्या घरी पळाली. मी घाबरत नाही. मी उत्तराची वाट बघते.

८ फेब्रुवारी
मूरोसी आला. एकटा. आम्ही वाटेवर धावलो, त्याची बायकोही. त्यानं तिच्याकडेही पाहिलं नाही. शेजारच्या मोकळ्या जागेशी बोलत येत होता : "त्सेको, ओढा आला, पाय उचल. आता चढ. हे बघ, तुझ्या आईचं कुंपण." जिथं माणूस मरतो तिथून त्याच्या आत्म्याला असंच बोलत बोलत घरी आणतात, वाटेत दुसऱ्या कुणाशी बोलत नाहीत. सासूबाईंनी फाटक उघडलं, दोन माणसं शेजारी शेजारी आत येतील एवढं.