मामाजीच्या पन्नीतला फोन

मामाजी,

मी गोकुळाबाईसंग धान कापाले जाऊन राह्यली. भात अन् मासोळीचं सार चुलीजवळ झाकून ठेवलं आहे.

सुनेले सासऱ्याच्या तोंडावर बोलता येत नाई, म्हणून लिहून राह्यली. आपल्या फोनमधले पैसे काऊन सरतात, ते सापडलं. काल मी कंपनीले फोन लावला. तिथली बाई म्हणे, क्रिकेट, राशीभविष्य अन् गाणे तुमच्या फोनवर चालू आहेत, त्याचेच पैसे रोज कटतात.

तुम्ही तलावात जाळं टाकता तेव्हा फोन प्लास्टिकच्या पन्नीत बांधून गळ्यात ठेवता. त्याच्यावर "तुम्ही भाग्यवान आहात" असं काईबाई येते. ओल्या पन्नीतून वाचता येत नाई, म्हणून ते निघून जावं यासाठी तुम्ही ओके दाबता. कंपनी समजते, तुम्ही हो म्हटलं. मी सारं बंद कराले लावलं. आता असं काई आलं तर फक्त लाल बटन दाबजा.

परवा साऱ्या मोहल्ल्यासमोर तुम्ही म्हटलं, सून दिवसभर माहेरी बोलत राहते म्हणून पैसे सरतात. रागात तुमच्या ध्यानात आलं नसन, माझ्या आईच्या गावात अजून टावरच नाई.

आता तिथं टावर उभा होऊन राह्यला. संक्रांतीपर्यंत चालू होईन म्हणतात. झाला का तिथं पहिला फोन तुम्हीच लावजा, अन् आईले तुमच्याच तोंडानं सांगजा, तुमची पोरगी चांगली आहे.

दिव्यानी