मुंगी चावल्यासारखं

मु. धाड, शुक्रवार संध्याकाळ

आज जीव पार थकला. धंद्यात हातगाडीपासून दुकानापर्यंत आलो, पण गिऱ्हाईक रडत परत गेलं की अजून मनाला लागतं. दुकानामागे, प्लायच्या भिंतीपलीकडं आमच्या हिचं पार्लर. "काही दुखत नाही बाई, मुंगी चावल्यासारखं होते," हे हिचं रोजचं बोलणं मला गल्ल्यावर ऐकू येतं. आज मागच्या गल्लीतली सरला एकाच हाताचं वॅक्स करून रडत निघून गेली. परवा तिची हळद. आता गावभर सांगेल, दुसरं काय?

शटर ओढल्यावर हिला म्हटलं, "माह्या हाताले लाव बरं." कोमट मेण बरं वाटलं. मग हिनं पट्टी ओढली. मुंगी? मोहोळ उठलं अंगावर!

"काऊन बोंबलता हो एवढं?" ही हसली. मग माझा हात उजेडात धरून नीट पाहिला. हात अजून लाल आहे.

हिनंच सरलाला फोन लावला. "पोरी, दुखते. पहिल्यांदा लयच दुखते. मुंगीचं खोटं होतं."

पलीकडचं मला ऐकू आलंच. "माहीत हाय काकू. काकाचं ओरडणं घरापर्यंत आलं. सकाळी येतो, दुसऱ्या हाताले."