सव्वीस वर्षांची वही

३ मार्च, मंगळवार

सर्क्युलर आलं. एक पान. आमच्या विमा कंपनीच्या क्लेम विभागाचं सगळं काम १ मेपासून परदेशातल्या नव्या ऑफिसात जाणार. आम्ही चाळीस जण. सर्क्युलरमध्ये याला ‘सुलभीकरण’ म्हटलंय. कुणाचं सुलभ, ते लिहिलेलं नाही.

सगळे आधी मोठ्याने वाचत होते, मग एकेक जण आपापल्या टेबलावर परतला. लांब्या माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. उंची सहा फूट दोन इंच, राग त्याहून दोन इंच जास्त. म्हणाला, “उद्या आपल्याच घराला आग लागली तर क्लेम तिकडूनच नामंजूर होणार बघा.”

मग टाचणी आली. टाचणी म्हणजे आमच्या संघटनेची सेक्रेटरी — रेकॉर्ड रूममध्ये क्लार्क आहे, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. स्टेपलरला हात लावत नाही. म्हणते, स्टेपलने कागदाला जखम होते, टाचणी काढता येते. बाहीला कायम चार-पाच टाचण्या खोचलेल्या. हे नाव तिला माहीत आहे, चालतं तिला. तोंडावर मात्र सगळे ताईच म्हणतो.

तिने सर्क्युलरवर पट्टी ठेवली आणि ओळ न् ओळ वाचून काढलं. तीनदा. मग नेहमीचं वाक्य — “मला एक कळत नाहीये.” हे वाक्य आलं की साहेबांच्या मजल्यावर कुणालातरी घाम फुटतो. “करारातलं कलम नऊ यांनी वाचलंय का? काम हलवण्याआधी नव्वद दिवस आपल्याशी बसून बोलायचंय त्यांना.”

बाई आहे की काय आहे! आम्ही सगळे नुसते रडतोय आणि हिला कलम आठवतंय.

४ मार्च, बुधवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हणाले, “बाई, तुमच्यासारखं काम या इमारतीत कुणाला येत नाही. तुमची ती वही आहे ना, नव्या लोकांना दाखवता ती. मला वाचायचीय.” मी फुलले. लाज वाटते लिहायला, पण खरंच फुलले. लगेच जाऊन वही आणून दिली.

ही वही म्हणजे माझा संसार. लोकांनी लग्नं केली, मी क्लेम निकाली काढले. नियमांच्या छापील पुस्तकात नाही ते सगळं या वहीत आहे. ‘सही जुळत नसेल तर आधी वय बघ. सत्तरीच्या पुढे हात थरथरतो, माणूस खोटा नसतो.’ ‘फॉर्मवर दोन शाया दिसल्या म्हणून संशय घेऊ नये. घरात एकच पेन असतं आणि ते मध्येच संपतं.’ ‘नुकतंच माणूस गेलेल्या घरी सोमवारी फोन करू नये, त्या दिवशी नातेवाईक निघून गेलेले असतात.’ असं दोनशे दहा पानं. पहिलं पान नव्याने लागलेल्या माणसासाठी — पहिल्या दिवशी कुणाला भेटायचं, कुठले फॉर्म भरायचे, कुठली खुर्ची डुगडुगते. ते सगळं मला माझ्या पहिल्या दिवशी टाचणीनेच सांगितलं होतं. मी फक्त उतरवून काढलं.

५ मार्च, गुरुवार

वही परत मिळाली. पानांना मशीनचा ऊबदार वास येत होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत स्कॅन केलीय म्हणे. न वाचताच.

६ मार्च, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये सभा. टाचणी खुर्चीवर उभी राहिली नाही, टेबल वाजवलं नाही. बसूनच बोलली, हळू आवाजात, म्हणून सगळे पुढे झुकले.

तिकडची माणसं फोनवरून आपल्याकडून काम शिकणार आहेत. तर प्रत्येकाने फक्त छापील पुस्तकातलं सांगायचं. खोटं काही सांगायचं नाही, चुकीचं शिकवायचं नाही. पण डोक्यातलं जे आहे ते आपलं. “त्या अनुभवाला त्यांनी कधी वेगळा पगार दिला नाही, तर तो फुकट बांधून द्यायची गरज नाही,” म्हणाली.

लांब्या उठला. उचलली जीभ लावली टाळ्याला. “त्या तिकडच्या लोकांनी आपल्या तोंडचा घास पळवला, त्यांना कसलं शिकवायचं? शिव्या द्या!”

टाचणी म्हणाली, “घास त्यांनी पळवला नाही. ताट साहेबांनी सरकवलं. त्यांच्यासमोरूनही उद्या सरकेल, आणखी कुणीतरी स्वस्त मिळाला की. खाली बस, जेवून घे.” आणि तो बसला! लांब्या!

सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. वही तर मी परवाच दिली.

८ मार्च, रविवार

बाबांना सांगितलं. ते ऐंशीचे, छापखान्यात खिळे जुळवायचे — आयुष्यभर उलटी अक्षरं वाचली. घर माझ्या पगारावर आणि त्यांच्या औषधांवर चालतं, दोन्ही वेळेवर लागतात. पन्नाशी ओलांडलेल्या क्लार्कला दुसरं कोण ठेवणार, हे दोघांनाही माहीत आहे. तो विषय आम्ही काढत नाही.

ऐकून म्हणाले, “साहेबाने तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं.”

मी म्हटलं, “हो.”

“आणि तू भराभर चढलीस.”

मग म्हणाले, नवं यंत्र आलं तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात हुशार कंपोझिटरने ते बसवायला मदत केली. सगळ्यांत आधी तोच घरी गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या यंत्राला. आमच्यात तुझ्या त्या टाचणीसारखं कुणी नव्हतं.

“जाऊन सांग तिला,” म्हणाले.

११ मार्च, बुधवार

नाही सांगितलं. ती जिन्यात भेटली, हसली. चोराच्या मनात चांदणं.

१३ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

रेकॉर्ड रूममध्ये गेले. ती जुन्या फायलींचे गंजलेले स्टेपल नखाने काढत बसली होती. एका दमात बोलून टाकलं. वाटलं, आता ही बाहीतली टाचणी काढून माझ्यातच खुपसणार.

तिने हातातली फाईल आधी पूर्ण केली. मग विचारलं, “सगळी वही दिलीस?”

“सगळी.”

“जबरदस्तीने घेतली की मागून?”

“मागून. चहा पाजून.”

ती हसली. चक्क हसली! “मला तर सत्तावीस वर्षांत चहा नाही पाजला यांनी.” मग म्हणाली, जे गेलं ते गेलं. वहीच्या कामाचा तुला अभिमान होता, तो काही गुन्हा नाही. यापुढे काय करायचं ते बघू. चोवीस तारखेला साहेबांबरोबर बोलणी आहेत, तू माझ्याबरोबर बसायचंस, विभागाची प्रतिनिधी म्हणून.

मी म्हटलं, “मी? मी तर घरभेदी.”

“म्हणूनच. तुझ्याइतकं काम दुसऱ्या कुणाला सांगता येणार आहे तिथे?”

घरी येताना रडले. ओझं उतरलं म्हणून रडले, आणि अशी बाई आपल्या वाट्याला आली म्हणूनही.

१७ मार्च, मंगळवार

फोनवरचं शिकवणं सुरू झालं. माझ्या वाट्याला एक मुलगी आली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, पलीकडची म्हणते. भाषा ऑफिसची आणि वहीतली तीच, पण हेल वेगळा, प्रत्येक वाक्य शेवटी वर जातं. आमची सकाळ, तिची संध्याकाळ. मागे बऱ्याच जणींचे आवाज.

तिने विचारलं, सही जुळत नसेल तर काय करायचं?

मी पुस्तकातलं सांगितलं. “नियम चौदा. नामंजूर करून परत पाठवावे.”

“पण तुमच्या वहीत तर लिहिलंय की हात थरथरतो. माझ्या आजीचा थरथरतो. मी ते वाचून रडले होते.”

सव्वीस वर्षांत ती वही वाचून कुणी रडलं नव्हतं. आमच्या इथले लोक हसायचे, ‘बाईंची पोथी’ म्हणायचे. शेवटी मी म्हटलं, वहीत जे आहे ते आहे, मी फक्त नियम चौदा सांगू शकते. ती म्हणाली, कळलं. आणि मला वाटतं, तिला खरंच कळलं.

चांगली मुलगी आहे. हाच तर त्रास आहे!

२४ मार्च, मंगळवार

बोलणी. लांब टेबल, पलीकडे चार साहेब, अलीकडे टाचणी, लांब्या आणि मी. टाचणीसमोर करार, पट्टी आणि पाण्याचा ग्लास. बस.

मोठे साहेब म्हणाले, क्लेमचं काम साधं आहे, तेच ते आहे, कुठेही होऊ शकतं.

“मला एक कळत नाहीये,” टाचणी म्हणाली. “साधं आहे तर सहा आठवडे शिकवायला का लागतायत?”

मग मला म्हणाली, सांग. मी सांगितलं. आधी सहीचं सांगितलं, दोन शायांचं सांगितलं, नदीला पूर आला त्या वर्षी भिजून चिकटलेले फॉर्म आम्ही कसे सुटे केले ते सांगितलं. एक तरुण साहेब लिहून घ्यायचं विसरला.

तेवढ्यात आमचे साहेब — चहावाले — म्हणाले, “हे सगळं आमच्याकडे आधीच आहे. बाईंनी स्वतःच आपली वही दिलीय.”

लांब्याने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. माझी मान खाली गेली.

टाचणीने ग्लास बाजूला ठेवला. आवाज तोच, हळू. “वही तिने दिली, कारण तिला काम आवडतं. तुम्ही घेतलीत, कारण तुम्हाला ते काम फुकट हवंय. यात लाजायचं कुणी, ते मला एक कळत नाहीये.”

चहावाले साहेब कागद नीट करत बसले, नीटच होते ते.

मी उभ्या आयुष्यात अशी माणसं मोजकीच पाहिलीत. बहुतेकांना पडलेल्यावर पाय देता येतो. हिने माझी चूक सगळ्यांसमोर उचलली आणि ती माझी ढाल करून दिली.

निकाल असा — कलम नऊ मान्य. नव्वद दिवस काम हलणार नाही, तोवर कुणाला काढणार नाहीत. पण पुढे? उठताना मोठे साहेब टाचणीला म्हणाले, “नव्वद दिवसच. नंतर काम तिकडेच जाणार. तिकडे स्वस्त आहे, शिवाय तुमच्यासारखं आडवं येणारं कुणी नाही.” हसत म्हणाले.

तिने करार आणि पट्टी उचलली. जिन्यात मात्र कठड्याला धरून थोडी उभी राहिली. पहिल्यांदा मला ती दमलेली दिसली.

२५ मार्च, बुधवार

लांब्या बोलत नाही. टेबलांच्या मध्ये फायलींची भिंत रचलीय त्याने.

३० मार्च, सोमवार

लांब्याने भिंतीतली एक फाईल काढली आणि तिथून विचारलं, “सत्तरीच्या पुढे म्हणजे सत्तर धरून की सोडून?” मी म्हटलं, धरून. एवढंच. पण बोलला.

टाचणीने सगळ्यांना कामं वाटून दिलीत. कुणी वर्तमानपत्रांना पत्र लिहायचं, कुणी जुन्या पॉलिसीधारकांना भेटायचं, कुणी दुसऱ्या विभागांत बोलायचं. माझ्याकडे पॉलिसीधारक. पुराच्या वर्षीची एक म्हातारी भेटली. काम हलवू नका म्हणून आम्ही काढलेल्या सह्यांच्या अर्जावर तिने सही केली. थरथरत्या हाताने, अर्धी रेघेबाहेर. म्हणाली, “ही चालेल ना गं?” चालेल म्हटलं. धावेल.

तीनशे सह्या झाल्या. टाचणीने अर्जांचा गठ्ठा लावला आणि मला म्हणाली, आपण यांना लाजवू शकतो, थांबवू शकत नाही. जोवर तिकडे स्वस्त आणि गप्प माणसं आहेत तोवर नाही. पण लाजवणं काही कमी नाही.

खोटा धीर देत नाही ती कधी. म्हणूनच तिच्या खऱ्या धीरावर विश्वास बसतो.

२ एप्रिल, गुरुवार

पलीकडचीने विचारलं, तुम्ही सगळे तिथून जाणार आहात का, आमच्यामुळे? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना म्हणे ‘वाढत्या कामासाठी’ घेतलंय.

मी खरं सांगितलं. हे काही नियम चौदात बसत नव्हतं. घासाचं आणि ताटाचं टाचणीचं बोलणंही सांगितलं, जसंच्या तसं.

ती मग म्हणाली, उद्या बोलते.

३ एप्रिल, शुक्रवार

फोन आला नाही.

७ एप्रिल, मंगळवार

आजही नाही. बाबा म्हणाले, घाबरवलंस त्या पोरीला. असेल.

९ एप्रिल, गुरुवार

आला. क्लेमचं काही विचारलंच नाही तिने. म्हणाली, “आम्ही सगळ्यांनी मिळून वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. पहिल्या दिवशीच्या यादीत पाचवं आहे — ‘संघटनेचा फॉर्म भरून रेकॉर्ड रूममध्ये देणे. टाळू नये.’ तो फॉर्म आमच्याकडे मिळत नाही. इथल्या साहेबांना विचारलं, तर त्यांनी वहीच काढून घेतली. पण आम्ही पाठ केलीय. तुम्ही पाठवाल?”

किती फॉर्म लागतील ते विचारून घेतलं, तशीच उठून रेकॉर्ड रूममध्ये गेले, सांगितलं. टाचणीने ड्रॉवर उघडून कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा काढला, बाहीतली टाचणी हातात घेतली.

“किती म्हणालीस?”

“बेचाळीस.”