भाता कोण मारतो?

बाबा, काल फोनवर पियानो लावून मी वांग्याची भाजी फोडणीला टाकली आणि ऐकता ऐकता ती पार करपली. तुमचीच आठवण आली. आपल्या सौसरच्या घरी एकदा टीव्हीवर कोट घातलेला कोणी मोठा पियानोवाला वाजवत होता. तुम्ही जन्मभर भजनी मंडळात पेटी वाजवलेली. चहाची बशी तशीच हातात धरून तुम्ही विचारलंत, "याचे तं दोन्ही हात गुंतले. मंग भाता कोन मारून राह्यला?" पियानोला भाता नसतो, आत तारा असतात, हे मी सांगितल्यावर तुमचा चेहरा पडला. "मंग तो श्वास कुठून घेते?" आम्ही सगळे पोट धरधरून हसलो होतो.

पुढे लकव्याने तुमचा डावा हात गेला. उजवा धड होता, पण भाता मारायला हात नाही म्हणून पेटी बंद, शनिवारी जामसांवलीच्या देवळात भजनाला जाणंही बंद. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचात. मला भीती वाटायची, पेटीपाठोपाठ तुम्हीही जाल. एका शनिवारी पांढुर्ण्याच्या शाळेत शिकवून आले ती तडक पेटी काढून तुमच्यापुढे ठेवली. म्हटलं, "भाता मी मारीन, तुम्ही फक्त वाजवा." आधी चिडलात, मग हळूच बोटं ठेवलीत. मी भाता हाणू लागले तर ओरडलात, "ढोरं हाकलून राह्यली का वो? माह्या छातीकडे पाह्य न. मी दम घेतला का तू भर." पुढच्या शनिवारी देवळात आपण दोघं एका पेटीला बसलो. मंडळातले लोक आपल्याकडे बघत होते आणि मी फक्त तुमची छाती बघत होते. भजन संपल्यावर माझ्याकडे न बघताच तुम्ही म्हणालात, "जमलं."

तुम्ही गेल्यापासून मी नाना तऱ्हेचे पियानोवाले ऐकते. विलायती शास्त्रीय वाजवणारा एक जण वाजवताना स्वतःशीच गुणगुणतो. एक जॅझवाला पाय आपटतो, मधेच हुंकारतो. आपल्या सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे तर गाणारीने दम घेतला की तेवढ्यापुरते थांबतात. लढाईत उजवा हात गमावलेलाही एक होता, नुसत्या डाव्याने वाजवायचा. तुमची दोघांची जोडी झकास जमली असती! तेव्हा आम्ही उगाच हसलो, बाबा. भाता तर सगळेच मारतात, दिसत नाही इतकंच.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? पेटीवरच ठेवीन. आणखी एक सांगते, पेटी मला अजूनही वाजवता येत नाही. पण शनिवारी संध्याकाळी झाकण काढून बसते आणि हळूहळू नुसता भाता भरते. पट्ट्यांना हात लावत नाही. तिथे तुमची बोटं असतात.